टपालाच्या दारातला पहारेकरी

१/ २ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला प्रोग्रॅम रातोरात हजारो संगणकांत पसरला. त्याची एक वाट ई-मेल पोहोचवणाऱ्या 'सेंडमेल'मधून जात होती.

२/ सेंडमेलमधील 'डीबग' ही चाचणीची सोय अनेक ठिकाणी चालूच राहिली होती. तिच्यामुळे पत्राच्या मिषाने हुकूम धाडता येई आणि समोरचा संगणक तो निमूट पाळी.

३/ पुढे कंपन्यांनी आपल्या जाळ्याभोवती 'फायरवॉल'चा तट उभारला. तरीही टपालासाठी एक दार उघडे ठेवणे भागच होते; आणि त्या दारावर बहुधा सेंडमेलच, तेही सर्वाधिकारांसह!

४/ १९९३ मध्ये ट्रस्टेड इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या मार्कस रॅनम प्रभृतींनी 'फायरवॉल टूलकिट' खुले केले. त्यातील 'स्मॅप' हा छोटा प्रोग्रॅम म्हणजे गडाच्या देवडीवरचा पहारेकरी. पत्र घ्यायचे, बंदिस्त कप्प्यात ठेवायचे, एवढेच त्याचे काम. दुसरा प्रोग्रॅम ते उचलून सेंडमेलकडे देई. पहारेकरी फितूर झाला, तरी कोठाराच्या किल्ल्या त्याच्यापाशी नसत.

५/ बाहेरगावाहून जोडल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड वाटेत चोरला जाई. म्हणून याच संचात दर खेपेस बदलणाऱ्या परवलीच्या शब्दाची सोय होती.

६/ मार्च २००३ मध्ये सेंडमेलमध्ये आणखी एक भगदाड आढळले. या वेळी घात पत्राच्या शीर्षभागातच दडलेला होता. असे पत्र तटावरून बिनबोभाट आत जाऊ शके. कारण पहारेकरी लखोटा घेई, वाचत नसे.