पोहणं, सायकल आणि पळणं: ट्रायथलॉन म्हणजे काय? लहान-मोठ्यांना त्याचा फायदा काय?

विहिरीत मुटका मारणं, सायकलवर डबलसीट शाळेत जाणं आणि भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणं. गावाकडच्या पोरांना यातलं काहीच नवीन नाही. हीच तीन कामं एकामागोमाग एक, मध्ये न थांबता केली की त्याला ट्रायथलॉन म्हणतात. आधी पोहायचं, पाण्यातून बाहेर येऊन सायकल घ्यायची, सायकल ठेवून पळायचं. घड्याळ पहिल्या सुरापासून शेवटच्या पावलापर्यंत चालूच राहतं. कपडे-बूट बदलायला लागलेला वेळही त्यातच धरतात.

हा क्रम उगाच ठरलेला नाही. दमलेल्या माणसाला पाण्यात सोडणं धोक्याचं, म्हणून पोहणं पहिलं. सायकलवर तोल गेला तर माणूस पडतो, म्हणून ती मधे. आणि पळताना कितीही दमला तरी माणूस फार तर चालायला लागेल किंवा बसेल, म्हणून ते शेवटी.

आजच्या स्वरूपातला हा खेळ तसा अलीकडचा आहे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरातील मिशन बे इथे एका रनिंग क्लबने पहिली स्पर्धा भरवली. तिला ४६ जण आले होते. चारच वर्षांनी, १९७८ मध्ये, हवाई बेटांवर ‘आयर्नमॅन’ सुरू झाली. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.२ किलोमीटर पळणं. त्या पहिल्या वर्षी १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून ट्रायथलॉन ऑलिम्पिकमध्ये आहे. तिथलं अंतर १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल आणि १० पळणं. त्याच्या निम्म्या अंतराला ‘स्प्रिंट’ म्हणतात. २०१६ पासून दिव्यांग खेळाडूंसाठी पॅरालिम्पिकमध्येही हा खेळ आला.

आपल्याकडे हे नाव बऱ्याच लोकांनी ऐकलं ते मिलिंद सोमण यांच्यामुळे. २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी झुरिचची आयर्नमॅन पूर्ण केली. २०१७ मध्ये राज्याच्या पोलीस दलातले अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी फ्रान्समध्ये ती पूर्ण केली. २०१९ पासून गोव्यात पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन सुरू झाली. पण ही सगळी मोठी अंतरं वाचून घाबरायचं कारण नाही. फायदा मिळायला एवढं करावंच लागतं असं मुळीच नाही.

लेकरांसाठी सगळ्यात मोठा फायदा: पोहता येणं

बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी ही एकच गोष्ट पुरेशी आहे. आपल्या देशात बुडून मरणाऱ्यांचा सरकारी आकडा दरवर्षी तीस हजारांच्या वर जातो. गावात हे लोक कुठं बुडतात हे सांगायची गरज नाही. विहीर, कॅनॉल, नदीचा डोह आणि आता शेततळं.

शेततळं वेगळंच प्रकरण आहे. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, मोटरची दोरी असते. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात हाताला काहीच लागत नाही. उतारावर शेवाळ धरलेलं असतं, पाय ठरत नाही. चांगला पोहणारा गडीसुद्धा वर येता येत नाही म्हणून तिथं दमून बुडतो. त्यामुळे ट्रायथलॉनचा सराव शेततळ्यात करायचा नाही, मग पोरगं कितीही पट्टीचं पोहणारं असो. ज्यांच्या रानात तळं आहे त्यांनी चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर आत सोडून ठेवावेत, तारेचं कुंपण करावं. खर्च फार नाही.

जुन्या माणसांनी पोरांना पोहायला शिकवलं ते पाठीला पांगाऱ्याचा ओंडका, वाळलेला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून. पुढं ट्यूब आली. शिकवणारा काका किंवा मामा पाण्यातच असायचा. ती पद्धत आजही चालते, फक्त शिकवणारा पाण्यातच हवा, काठावर मोबाईल बघत बसलेला नको. तालुक्याच्या गावी जलतरण तलाव असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं घालणं अजून बरं. पावसाळ्यात नदी-ओढ्यात सराव नाही. अंगावर जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोची भीती असते.

आणि पोरींनाही शिकवा. विहिरीवर पोरं पोहतात आणि पोरी काठावर धुणं धुतात. पण पाय घसरून पडायची वेळ येते ती बहुतेकदा धुणं धुणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बाईवरच.

पोहता येणं आणि बुडणाऱ्याला वाचवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लेकरांना सांगितलं पाहिजे. एकाला वाचवायला दुसऱ्याने उडी मारली आणि दोघंही गेले, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. बुडणारा माणूस हाताला येईल त्याला मिठी मारतो. म्हणून आधी आरडाओरडा करायचा, मग दोर, बांबू, साडी, रिकामा झाकणाचा कॅन, जे मिळेल ते त्याच्याकडे टाकायचं. आपण आत उडी मारायची नाही.

शरीराला काय मिळतं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असा खेळ किंवा हालचाल केली पाहिजे. त्यातले आठवड्यातले तीन दिवस हाडं आणि स्नायू मजबूत करणारे हवेत. तिन्ही प्रकार केले की हे आपोआप जुळतं. पोहण्यात हात, खांदे, पाठ आणि श्वास तयार होतो. सायकलीत मांड्या. पळताना जमिनीचा दणका हाडांना बसतो आणि त्या दणक्यानेच हाडं भरतात. नुसतं पोहून किंवा नुसती सायकल चालवून हाडं तेवढी मजबूत होत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. हाडांची ही जमापुंजी साधारण विशी-पंचविशीपर्यंतच वाढते.

दुसरा फायदा दुखापतीचा. वाढत्या वयात एकच खेळ वर्षभर केला की त्याच त्या जागी ताण येतो. टाच दुखते, गुडघ्याच्या खालची गाठ दुखते. काम वाटून दिलं की एका अवयवाला विश्रांती मिळते आणि दम मात्र वाढतच राहतो.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, म्हणून पोरं रोज, आठवड्याचे सातही दिवस डांबरी रस्त्यावर पळतात, तेही झिजलेल्या बुटांत. महिन्या-दोन महिन्यांत नडगी धरते. मग गोळ्या खाऊन पळायचं आणि ऐन मैदानी चाचणीच्या आधी घरी बसायचं. त्यापेक्षा आठवड्यातले तीन-चार दिवस पळणं, एक दिवस लांब सायकल, एक दिवस पोहणं आणि एक दिवस पूर्ण आराम असं केलं तर नडगी वाचते. छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं तर पायावर शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही कमी भार येतो. पाण्यात पाय सैल होतात ते त्यामुळेच. अर्थात पळण्याची चाचणी पळूनच निघते. पोहणं आणि सायकल तिला जोड आहे, बदली नाही.

‘आम्ही रानात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?’

मोठ्या माणसांकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही. खुरपणी, भांगलणी, ऊसतोड, डोक्यावरून भारे वाहणं ही मेहनतच आहे. आरोग्य संघटनाही कामातली हालचाल मोजते. पण खरं बोलायचं तर आता किती घरांत ते काम रोज होतं? नांगरट ट्रॅक्टरवर, फवारणी पंपावर, रानात जाणं मोटरसायकलवर आणि संध्याकाळ पारावर. पोट सुटलेलं, शुगर-बीपीची गोळी सुरू. ज्यांच्या अंगावर खरंच कष्टाचं काम आहे, विशेषतः बायका, त्यांचं काम वाकून आणि एकाच जागी ताण देणारं असतं. त्यांना अजून दणके नकोत. त्यांना पोहणं किंवा आरामात सायकल चालवणं जास्त मानवतं.

मोठ्यांसाठी प्रमाण आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचं आहे. मध्यम म्हणजे चालता-चालवताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. एवढ्याने वजन, रक्तदाब आणि साखर तिन्हींवर फरक पडतो. चालणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो आणि हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो. म्हणून मधुमेह असलेल्यांनी व्यायामात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पाडू नये. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं. पाण्यात एकट्याने तर अजिबात उतरू नये. शुगर रस्त्यात उतरली तर माणूस खाली बसतो, पाण्यात उतरली तर बुडतो.

गुडघा दुखणाऱ्यांना सायकल चांगली, पण सीटची उंची बघून. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून लोक सीट अगदी खाली करतात आणि मग गुडघा आणखी दुखतो. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट वर हवी.

धोका कुठे आहे

अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉन स्पर्धांचा अभ्यास झाला. त्यात मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या मिळून १३५ घटना आढळल्या. त्यातल्या ९० पोहताना घडल्या होत्या. बळी पडलेल्यांत पुरुष खूप जास्त आणि सरासरी वय पन्नाशीच्या आतबाहेर. लाखो स्पर्धकांत हा आकडा लहान आहे, पण धडा साफ आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, बीपी-शुगर असलेल्यांनी, घरात कुणाचं हृदयविकाराने लवकर निधन झालं असेल त्यांनी आधी डॉक्टरला दाखवावं, गरज पडली तर ईसीजी काढावा. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप नेहमीपेक्षा जास्त लागली तर तिथंच थांबायचं. ताप असताना सराव नाही.

मुलांच्या अंतरालाही मर्यादा आहे. ऑलिम्पिक अंतर आणि आयर्नमॅन १८ वर्षांखालच्यांसाठी नाही. दहा-बारा वर्षांच्या पोराला १०० मीटर पोहणं, तीन-चार किलोमीटर सायकल आणि एक किलोमीटर पळणं सुरुवातीला भरपूर झालं. बापाच्या हौसेपायी पोराला पळवू नये.

सुरुवात कशी करायची

भारी सायकल लागत नाही. घरात असलेली साधी सायकल चालते. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी मिळालेल्या सायकलीही चालतात. आधी दोन्ही ब्रेक आणि टायर बघा. पैसे घालायचेच तर हेल्मेटवर घाला. पहाटे रस्त्यावर निघणार असाल तर मागे लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी हवी, कारण उसाच्या सीझनमध्ये अंधारात ट्रॉल्या चालू असतात.

पहिला महिना तिन्ही प्रकार वेगवेगळ्या दिवशी करा. नंतर आठवड्यातून एकदा सायकल ठेवून लगेच दहा मिनिटं पळून बघा. सुरुवातीला पाय लाकडासारखे वाटतात, चालच सुधरत नाही. हे सगळ्यांनाच होतं, चार-पाच वेळा केलं की जातं. खायला वेगळं काही आणायची गरज नाही. भाकरी, डाळ, उसळ, केळी, गूळ-शेंगदाणे पुरेत. तासापेक्षा जास्त सराव असेल तर पाण्यात मीठ-साखर किंवा ओआरएस.

जवळ पोहायला सुरक्षित पाणी नसेल तर पळणं-सायकल-पळणं असा ‘ड्युएथलॉन’ प्रकार आहे. ज्याला तिन्ही जमत नाही त्यांच्यासाठी बऱ्याच स्पर्धांत तिघांची टीमही असते. एकजण पोहतो, दुसरा सायकल मारतो, तिसरा पळतो. शाळेच्या किंवा गावच्या यात्रेतल्या स्पर्धेतही हे सहज करता येईल. फक्त पोहण्याच्या ठिकाणी दोर, ट्यूब आणि पट्टीचे पोहणारे दोघं-तिघं पूर्ण वेळ पाण्यापाशी उभे हवेत, आणि आत किती पोरं उतरली, बाहेर किती आली, हे मोजायला एक माणूस वेगळा.