लोण्याचे पैसे कोणाच्या हातात?

आम्ही गोरेगावहून बोलतोय. परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत लोण्याचा विषय निघाला आणि तासभर संपलाच नाही. गटातल्या म्हाताऱ्या सासवांनी जे सांगितलं, त्याला थोडा इतिहास जोडून तुमच्यापुढे ठेवतोय.

गावी पहाटे डेऱ्यात दही ओतायचं, रवी खांबाला अडकवायची आणि दोरीची दोन टोकं आळीपाळीनं ओढायची. घुसळण्याचा आवाज बदलला की लोणी आलं. उन्हाळ्यात गार पाणी घालायचं, थंडीत कोमट. मग गोळा पाण्यानं धुवायचा, कारण ताक आत राहिलं की लोण्याला वास येतो. म्हशीच्या किलोभर लोण्याला साधारण 12-13 लिटर दूध लागतं. ताक शेजारणीला फुकट, लोणी कढवून तूप. तुपाचे पैसे घरच्या बाईच्या डब्यात पडायचे. त्याचा हिशेब कोणी मागत नसे.

मुंबईत मात्र दूधच विकायचं असे. शहरात दाटीवाटीनं उभे असलेले तबेले बाहेर हलवायला 1949 साली गोरेगावात आरे दुग्ध वसाहत सुरू झाली. त्यामागे दारा खुरोडी होते. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि दुधाची भुकटी मिसळून स्वस्त टोन्ड दूधही त्यांनीच आणलं. गरिबाच्या लेकरांना दूध मिळालं, हे मोठंच काम झालं. पण त्या दुधावर साय पातळ. चाळीतली बाई साय साठवून लोणी काढणार कशी?

विकतचं लोणी तर आधीपासून होतंच. पॉल्सनचं लोणी इतकं चाललं की खुशामत करणाऱ्याला मुंबईकर 'पॉल्सन लावतो' म्हणू लागले. पॉल्सनला दूध घालणाऱ्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी 1946 मध्ये स्वतःचा संघ काढला. तोच पुढे अमूल झाला. 1970 पासून दूध महापूर योजनेनं डेअऱ्या गावोगावी पोचल्या.

घराला रोकड मिळाली, बाईच्या खांद्याचं दुखणंही थांबलं. पण आमच्या बऱ्याच जणींच्या माहेरी एक गोष्ट घडली. शेण, चारा, धार आईकडेच राहिलं. डेअरीचं पुस्तक मात्र वडिलांच्या नावावर झालं. लोण्याबरोबर आईचा डबाही गेला.

गेल्या गोकुळाष्टमीला आम्ही सगळ्यांच्या घरची साय गोळा करून लोणी काढलं आणि विकलं. रक्कम लहानच, पण गटाच्या खात्यात जमा झाली. तेव्हा एक आजी म्हणाल्या, "बघा, डबा परत आला."

सख्यांनो, डेऱ्याकडे परत चला, असं आमचं म्हणणं नाही. तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या गोठ्यातलं दूध कोणाच्या नावावर जातं? आणि जिथं पुरुषाचं नाव आहे, तिथं आपलंही नाव लावायला काय लागतं, ते संस्थेत जाऊन विचारून या. एकटीनं नको, चौघी मिळून जा.