पंखा कोणासाठी फिरतो?

आजचा विषय ऐकून आमचे एक जुने सहकारी म्हणाले, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आणि आता पंख्यावर बोलणार?" बोलणार. कारण या सभागृहात आपल्या डोक्यावर जे फिरतंय, त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासातला काही भाग आपल्या या खडकीसारख्या छावण्यांत घडलेला आहे.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. दुसऱ्या बाजीरावाची फौज हटली, पेशवाई लवकरच संपली आणि इथे इंग्रजांची छावणी वसली. पुढे १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना आला. जवळच गणेशखिंडीत मुंबईच्या गव्हर्नरचा वाडा उभा राहिला. आज त्याला आपण विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून ओळखतो. साहेबाला पुण्याची हवा मानवायची, पण एप्रिल-मे महिन्यांत इथेही जीव नकोसा होतोच. शिवाय गोऱ्या सैनिकांच्या तब्येतीची चिंता वेगळीच होती. हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८६३ साली अहवाल दिला. त्यात दर हजार गोऱ्या सैनिकांमागे वर्षाला सरासरी ६९ मृत्यू असा आकडा आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी त्यावर सडेतोड लिहिलं. बराकी उंच हव्यात, हवेशीर हव्यात, हा विचार त्यानंतर पक्का झाला.

आता त्या काळचा पंखा कसा होता, ते डोळ्यांपुढे आणू या. छताला आडवी टांगलेली लाकडी चौकट, तिला कापडाची झालर. चौकटीला बांधलेली दोरी कप्पीवरून, भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जायची. तिथे एक माणूस बसून ती ओढायचा. ओढली की झालर एकीकडे, सोडली की दुसरीकडे. हात भरून आले की तो दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पाय हलवत राही. आत वारा, बाहेर माणूस. त्याचं नाव बहुधा कुठेच लिहिलेलं नसायचं.

रात्री त्याला डुलकी लागली की वारा थांबे, आतला गोरा घामाघूम होऊन उठे, आणि मग शिवी, लाथ, बूट. काही वेळा त्या लाथेने माणूस मरे. कोर्टात डॉक्टर सांगत, हिवतापाने याची प्लीहा आधीच वाढलेली होती, थोड्या धक्क्यानेही ती फुटली असती. आरोपी सुटे, नाहीतर किरकोळ दंड भरे. आग्र्याचा फुलर नावाचा वकील याच मार्गाने ३० रुपये दंडावर सुटला. मेलेला माणूस पंखा ओढणारा नव्हता, त्याचा मोतद्दार होता. पण न्याय तोच. १८७६ साली व्हाइसरॉय लिटनलाही त्याबद्दल जाहीर नापसंती नोंदवावी लागली.

विजेचा छताचा पंखा १८८० च्या दशकात अमेरिकेत आला. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कर्झन आणि किचनर यांच्या काळात, बराकींतून विजेचे पंखे बसवण्याच्या योजना निघाल्या. सोय हे कारण होतंच. पण सैनिक आणि पंखा ओढणारे यांच्यातल्या मारझोडीची डोकेदुखीही त्यामागे होती. म्हणजे यंत्र आलं, त्यामागे एका माणसाची फुटलेली प्लीहा आहे, हे आपण विसरू नये.

इथे आम्हाला फॉर्स्टरची 'अ पॅसेज टू इंडिया' ही १९२४ ची कादंबरी आठवते. तिच्यात खटला चालतो, कोर्ट रिकामं होतं, आणि पंखा ओढणारा मात्र ओढतच राहतो. काय घडलं याचा त्याला पत्ताच नसतो. रिकाम्या खोलीला वारा! वाचताना आपल्याला गलबलून येतं. आणि आज आपल्या घरात काय चाललंय? कुणी नसलेल्या खोलीत पंखा गरगरतोय. निवृत्तीपर्यंत आम्हाला एक सवय होती, तास सुटला की वर्गातले पंखे बंद करत फिरायचं. मुलं हसायची.

मंडळी, हा केवळ काटकसरीचा मुद्दा नाही. पंख्याखाली तापमापक धरा, पारा उतरत नाही. पंखा खोली थंड करत नाही, माणसाला थंड करतो. घाम वाळवतो, अंगाभोवतीची उबट हवा हलवतो. खोलीत माणूस नसेल तर त्याला कामच नाही. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, म्हणजे साधारण तेरा तासांत एक युनिट. नवे बीएलडीसी पंखे निम्म्याहून कमी विजेत चालतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचं लेबल सक्तीचं झालंय, घेताना ते बघा. जुना, तापणारा रेग्युलेटर वेग कमी करतो पण वीज फारशी वाचवत नाही. ती त्या डबीतच उष्णता होऊन जाते.

आता ऋतूंप्रमाणे. आपला उन्हाळा कोरडा. दिवसा भाजतो, रात्री निवतो. म्हणून सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या-पडदे बंद करा, संध्याकाळनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि मगच पंखा लावा. वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखालची हवा पंखा खाली लोटतो, म्हणून तिथे ती आधी बाहेर जाऊ द्या. आणि पारा चाळिशीच्या पुढे गेला, तर म्हाताऱ्या माणसांनी नुसत्या पंख्यावर भिस्त ठेवू नये. आमच्या वयात घाम कमी येतो. मग गरम वारा अंगाला उलट तापवतो. ओलं फडकं, पाणी, गार खोली हवीच.

पावसाळ्यात पंख्याखाली कपडे वाळतात, पण ती ओल खोलीतच राहते, भिंतीला बुरशी धरते. एखादी खिडकी उघडी ठेवा. थंडीत थंड देशांतले लोक पंखा उलटा, हळू फिरवून छताजवळची ऊब खाली आणतात. आपल्या घरात शेगडी नाही, हीटर नाही. आपण तो सरळ बंद करावा. आणि बंद आहे तेव्हाच पाती पुसून घ्यावीत.

व्हरांड्यातला तो माणूस आता दिसत नाही. पण वीज कुठेतरी कोळसा जाळून, कुठेतरी पाणी अडवून, कुणाच्या तरी कष्टानेच येते. दोरी लांबली, एवढंच. तेव्हा खोलीतून उठताना बटणाकडे हात जाऊ द्या. दोरी ओढणाऱ्याला आपण एवढी विश्रांती देऊ शकतो.

आता शेवटचे जे कोणी उठतील, त्यांनी पंखे बंद करावेत, ही विनंती.