पाचिंकोचे जुने यंत्र घरी नेताना

जपानमध्ये रेल्वे स्थानकांबाहेर झगमगणारी पाचिंकोची खेळगृहे पर्यटकांच्या परिचयाची आहेत. तेथील आजची यंत्रे मात्र पडदे, संगणकीय चित्रे आणि कान किटवणारा गोंगाट यांनी भरलेली असतात. सांक्यो कंपनीचे ‘फीवर’ हे यंत्र १९८० साली आले आणि या खेळाचे रूपच पालटले. त्यापूर्वीचा पाचिंको लाकूड, पितळ, पोलाद आणि गुरुत्वाकर्षण एवढ्याच्या बळावर चालत असे. उजव्या अंगठ्याने कळ खाली ओढून सोडायची. पोलादी गोळी उसळून वर जायची, खिळ्यांच्या दाटीतून ठेचकाळत खाली यायची आणि नशीब असेल तर एखाद्या कप्प्यात शिरायची. मग घंटा वाजून दहा-पंधरा गोळ्या खालच्या तबकात खळाळत उतरायच्या. वीज लागे ती केवळ एक-दोन छोट्या दिव्यांसाठी.

ही जुनी यंत्रे आज जपानपेक्षाही अमेरिकेत अधिक सहजपणे सापडतात, याला कारण आहे. खेळगृहांना नावीन्य टिकवण्यासाठी यंत्रे सतत बदलावी लागत. सत्तरच्या दशकात अशी काढून टाकलेली यंत्रे मोठ्या संख्येने अमेरिकेत पाठवली गेली आणि तेथील दुकानांतून घरगुती करमणुकीचे साधन म्हणून विकली गेली. नवलाई ओसरताच ती तळघरांत, गॅरेजमध्ये आणि माळ्यांवर जाऊन पडली. घरातील जुन्या वस्तूंच्या विक्रीत किंवा लिलावात ती आता पुन्हा बाहेर येत आहेत. शौकीन ती हौसेने विकत घेतात. आणि पन्नास वर्षे धुळीत सुखरूप राहिलेले यंत्र घरी पोहोचेपर्यंतच्या अर्ध्या तासाच्या प्रवासात निकामी होते, असेही घडते. मोडतोड बहुधा काचेची होत नाही. काच नवी बसवता येते. जे बिघडते ते अधिक नाजूक आणि अधिक मौल्यवान असते, ते म्हणजे खिळ्यांची मांडणी.

खिळ्यांचे महत्त्व

पाचिंकोचे मूळ ‘कोरिंथियन बॅगाटेल’ या आडव्या फळीवरील खेळात आहे. आपल्याकडे मागच्या पिढीतील मुलांनी सुटीत खेळलेले बॅगाटेल त्याच घराण्यातले. जपानमध्ये विसाच्या दशकात हा खेळ रुजला. पुढे फळी उभी झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नागोया हे शहर या उद्योगाचे केंद्र बनले. तेथील ताकेइची मासामुरा यांनी खिळ्यांची जी रचना बसवली, ती ‘मासामुरा गेज’ या नावाने ओळखली जाते. नंतरच्या असंख्य यंत्रांचा पाया तीच आहे.

खिळे पितळेचे, म्हणजे मऊ धातूचे असतात आणि ते मुद्दाम तसे ठेवलेले असतात. प्रत्येक खिळा किंचित वरच्या बाजूस झुकवून ठोकलेला असतो. गोळीचा व्यास ११ मिलिमीटर. दोन खिळ्यांमधील फट त्याहून अर्धा-पाऊण मिलिमीटर जास्त ठेवली की गोळी आत शिरते, तीच फट नकळत आवळली की ती बाहेर फेकली जाते. खेळगृह बंद झाल्यावर रात्री छोटी हातोडी आणि मापाच्या गोळ्या घेऊन प्रत्येक यंत्रासमोर उभे राहणारे ‘कुगिशी’, म्हणजे खिळ्यांचे कारागीर, हा जपानमधील एक स्वतंत्र व्यवसाय होता. विम वेंडर्स यांच्या ‘टोकियो-गा’ (१९८५) या माहितीपटात असे काम करणारा कारागीर दिसतो. एखाद्या जुन्या यंत्रावर शेवटच्या कुगिशीचा हात जसा फिरला होता, तशीच मांडणी बहुधा आजही असते. गादीचा कोपरा किंवा पुठ्ठ्याची कडा फलकावर दाबली गेली, तर ती मांडणी क्षणात नष्ट होते. खिळे पुन्हा सरळ करता येतात, पण ते मूळचे कसे होते हे सांगणारे कोणी उरलेले नसते. यंत्र हलविण्यापूर्वी फलकाची समोरून आणि दोन्ही बाजूंनी तिरपी छायाचित्रे काढून ठेवावीत, असा जाणकारांचा आग्रह असतो तो याचसाठी.

सुट्या भागांची स्थितीही फारशी आशादायक नाही. अमेरिकेत सर्वाधिक आढळणारी यंत्रे ‘निशिजिन’ या नावाची आहेत. त्या कंपनीने २०२३ साली व्यवसाय बंद केला. जपानमधील खेळगृहांची संख्याही १९९५ च्या सुमारास १८ हजारांवर होती, ती २०२३ पर्यंत ७ हजारांच्या आसपास उतरली. जुन्या यंत्राचा तुटलेला भाग मिळतो तो बहुधा दुसऱ्या जुन्या यंत्रातूनच.

प्रथम गोळ्या बाहेर

यंत्र उचलण्यापूर्वी करावयाचे पहिले काम म्हणजे आतील सर्व गोळ्या काढणे. एका गोळीचे वजन साडेपाच ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे हजार गोळ्यांचे साडेपाच किलो. टाकीत राहिलेल्या गोळ्या वळणावर एका बाजूला धावल्या की यंत्राचा तोल जातो. त्याहून वाईट म्हणजे एखादीच सुटी गोळी. प्रवासभर ती मागच्या पन्हळीत, खटक्यांच्या फटीत आणि प्लास्टिकच्या भागांवर आपटत राहते. पन्नास वर्षांचे प्लास्टिक ठिसूळ झालेले असते. उघडझाप करणाऱ्या ‘ट्युलिप’ नावाच्या झडपांच्या पाकळ्या अशा एका आघातानेही तुटू शकतात.

गोळ्या तीन-चार ठिकाणी दडलेल्या असतात: मागे वरच्या बाजूला असलेल्या टाकीत, तेथून खाली उतरणाऱ्या पन्हळीत, बक्षिसाच्या गोळ्या मोजून सोडणाऱ्या तराजूसारख्या भागात आणि समोरच्या तबकात. समोरच्या दाराची किल्ली बहुधा हरवलेलीच असते. पुष्कळ यंत्रांत मागून हात घालून खिट्टी सरकवता येते. म्हणून पटाशीने दार उचकटण्याची घाई करू नये. जुन्या ओतीव धातूच्या चौकटीला एकदा तडा गेला की तो सांधत नाही. गोळ्या काढल्यावर यंत्र दोघांनी धरून हळूच पुढे, मागे, डावीकडे आणि उजवीकडे कलते करावे आणि कान द्यावा. खडखड ऐकू आली तर काम संपलेले नाही.

काढलेल्या गोळ्या फेकू नयेत. खेळगृहे गोळ्या भाड्याने देत असत आणि त्यांवर आपले चिन्ह कोरत असत. एकाच यंत्रातून वेगवेगळ्या खेळगृहांच्या खुणा असलेल्या गोळ्या निघतात, त्यांची मौज वेगळीच. मजबूत कापडी पिशवीत त्या वेगळ्या न्याव्यात; यंत्राच्या खोक्यात तर मुळीच ठेवू नयेत.

पोकळी हेच संरक्षण

नवख्या माणसाची नेहमीची चूक चांगल्या हेतूनेच होते. काच वाजू नये म्हणून तो काच आणि फलक यांच्यामध्ये कापड किंवा बबल रॅप कोंबतो. या दोहोंत अंतर असते ते गोळीच्या जाडीपेक्षा थोडेच अधिक. तेथे काहीही कोंबले की त्याचा दाब थेट खिळ्यांच्या टोकांवर येतो. त्या जागेत काहीही असता कामा नये. काच सहज निघत असेल तर ती काढून वेगळी गुंडाळावी आणि तिच्या जागी चौकटीच्या कडांवर टेकेल, खिळ्यांना स्पर्शही करणार नाही, असा पातळ प्लायवूडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा बसवावा. काच अडकून बसली असल्यास तिच्याशी झटापट करू नये. बाहेरून पुठ्ठा लावून ती तशीच राहू द्यावी.

फलकावर चिकटपट्टी लावणे हा दुसरा मोह. बऱ्याच जुन्या फलकांवर सेल्युलॉइडचा चित्रित पापुद्रा असतो. चिकटपट्टी काढताना रंगासह तो सोलून निघतो. सेल्युलॉइड चटकन पेट घेते, त्यामुळे यंत्राजवळ धूम्रपान किंवा डाख देण्याचे काम तर नकोच. उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीतही यंत्र तासन्‌तास सोडू नये. ट्युलिपच्या पाकळ्या मिटवून ठेवायच्या असतील तर मऊ सुती दोरा पुरेसा आहे. मागच्या बाजूचे सुटे खटके हलू नयेत म्हणूनही दोराच वापरावा आणि जेथे जेथे दोरा बांधला तेथे रंगीत कागदाचा तुकडा लावून ठेवावा. घरी पोहोचल्यावर एखादा दोरा नजरेतून सुटतो आणि यंत्र बिघडल्याचा समज होऊन भलतीच खटपट सुरू होते, हे नेहमीचेच आहे.

यंत्र न्यावे कसे, उभे की आडवे? खेळगृहात ही यंत्रे ‘शिमा’ म्हणजे बेट म्हणवणाऱ्या लांब लाकडी रांगांत जडवलेली असत. त्यामुळे त्यांना स्वतःचा पाया नाही. जमिनीवर नुसते टेकवून ठेवलेले यंत्र तोंडावर पडते. पुढे तबक आणि कळ, मागे यंत्रणा बाहेर आलेली. म्हणजे पालथे घालणे तर नाहीच आणि सरळ पाठीवर टाकणेही धोक्याचे. मोटारीत मागच्या आसनावर ते उभे ठेवून, लाकडी चौकटीभोवती रजई गुंडाळून पट्ट्याने बांधणे सर्वांत चांगले. आडवे ठेवण्यावाचून गत्यंतरच नसेल तर तोंड वर ठेवावे आणि लाकडी चौकटीच्या कडांखाली सारख्या उंचीचे ठोकळे द्यावेत, म्हणजे भार चौकटीवर राहील आणि मागची यंत्रणा अधांतरी राहील. उचलताना हात चौकटीलाच घालावा. समोरचे चकचकीत तबक मुठीसारखे भासते, पण ते वजन पेलण्यासाठी नाही.

लांबचा प्रवास

यंत्र लांब पाठवायचे झाल्यास मापांचा हिशेब आधी करावा लागतो. खेळगृहातील यंत्राची चौकट सुमारे ८१ सेंटिमीटर उंच आणि ५२ सेंटिमीटर रुंद असते. जाडी २० सेंटिमीटर धरली तर तिन्ही बाजूंची बेरीज १५३ होते. बहुतेक विमान कंपन्यांची सामानाची मर्यादा १५८ सेंटिमीटर आहे, तेव्हा जमून जाईल असे वाटते. मात्र सर्व बाजूंनी ५ सेंटिमीटर फोम लावला की बेरीज १८३ वर जाते. जपान पोस्टच्या यू-पॅक सेवेचीही मर्यादा १७० सेंटिमीटर आणि २५ किलो आहे. फोम कमी करून माप बसवण्यापेक्षा अवजड सामानाचे भाडे भरणे शहाणपणाचे.

देशाबाहेर पाठवताना भरीव लाकडाची पेटी केल्यास आणखी एक नियम लागू होतो. किडींचा प्रसार रोखण्यासाठी २००२ पासून असलेल्या ‘आयएसपीएम १५’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार असे लाकूड प्रक्रिया केलेले असावे लागते. उष्णतेची प्रक्रिया असेल तर गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटे राखावे लागते आणि तसा शिक्का पेटीवर असावा लागतो. प्लायवूडला यातून सूट आहे. त्यामुळे पेटी प्लायवूडची केलेली बरी. पेटीत यंत्र डुगडुगत नाही ना, हे हलवून पाहावे. अमेरिकेतून वा जपानहून परतणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने यंत्र भारतात आणायचे ठरवलेच, तर सीमाशुल्क विभागाकडे आधी लेखी विचारणा करणे आवश्यक ठरेल. घरात करमणुकीसाठी आणलेल्या यंत्राकडेही जुगाराचे साधन म्हणून पाहिले जाऊ शकते. दिव्यांच्या तारा घरातील विजेला थेट जोडणे मात्र कोणत्याही देशात घातकच. ते दिवे कमी दाबाचे असतात आणि अनेक शौकीन त्यांच्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी वापरतात.

घरी आल्यावर यंत्र थंड जागेतून उबदार खोलीत आले असेल तर एक दिवस तसेच राहू द्यावे, म्हणजे धातूवर साचलेला दमटपणा उडून जाईल. नंतर सर्व दोरे सोडवावेत, खिळे छायाचित्रांशी ताडून पाहावेत आणि यंत्र भक्कम लाकडी चौकटीत, माथा किंचित मागे कललेला राहील असे बसवावे. अगदी ताठ उभ्या यंत्रात गोळी काचेवर घासत खाली येते. सुरुवातीला टाकी भरू नये. एकच स्वच्छ गोळी हाताने एकेका कप्प्यात सोडून ती मागे कोणत्या वाटेने उतरते ते पाहावे. गोळी कोठे अडलीच तर काचेवर थापट्या मारण्याऐवजी दार उघडून ती बोटाने काढावी. मग टाकीत पन्नास-साठ गोळ्या घालून कळ ओढावी. गोळी कप्प्यात पडूनही घंटा वाजली नाही, तर खिळ्यांना हात लावण्याआधी मागच्या बाजूला एखादा दोरा बांधलेलाच राहिला नाही ना, हे पाहून घ्यावे.