ऑड्री हेपबर्न : वेष आणि उपासमार

नटीचें नांव तिच्या भूमिकांच्या स्मृतीबरोबर मावळतें, असा रजतपटाचा सामान्य नियम आहे. या नियमास जे थोडे अपवाद झाले, त्यांत ऑड्री हेपबर्न हिची गणना अवश्य केली पाहिजे. तिला निवर्तून तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी साधा काळा झगा, सपाट टाचांचे जोडे व कृश बांधा हें तिचें चित्र अद्यापि जगभरच्या तरुण मुलींपुढें आदर्श म्हणून उभें आहे. या आदर्शाचा उगम शोधूं गेल्यास मात्र पॅरिसच्या शिवणगृहांच्याही मागें, युद्धकालीन हॉलंडांत जावें लागतें.

ऑड्रीचा जन्म ४ मे १९२९ रोजीं ब्रुसेल्स येथें झाला. आई डच सरदारघराण्यांतील, वडील ब्रिटिश. ते १९३५ सालीं कुटुंब सोडून गेले. १९३९ मध्यें युद्धास तोंड लागलें, तेव्हां हॉलंड तटस्थ राहील या भरंवशावर आईनें मुलीस इंग्लंडांतून आर्न्हेम शहरीं आणलें. १० मे १९४० रोजीं जर्मन सैन्य हॉलंडांत शिरलें आणि तो भरंवसा धुळीस मिळाला. १९४२ सालीं तिच्या मावशीच्या यजमानांस जर्मनांनीं ओलीस धरून गोळ्या घातल्या. १९४४ सालीं डच रेल्वे-कामगारांनीं दोस्तांच्या साहाय्यार्थ संप केला. त्याचा सूड म्हणून जर्मनांनीं अन्नाची रसद अडविली. त्या हिवाळ्यांत सुमारें २०,००० माणसें मृत्युमुखीं पडलीं. लोकांनीं ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. पंधरा वर्षांच्या ऑड्रीला पंडुरोग जडला व अंगावर सूज आली.

युद्ध संपल्यावर ती नृत्य शिकण्यास लंडनला मारी राम्बर्ट यांच्या शाळेंत गेली. परंतु तिची उंची व युद्धकाळांत झालेली शरीराची आबाळ यांमुळें पहिल्या प्रतीची नर्तकी होणें तिला साधणार नाहीं, असें तेथें स्पष्ट झालें. हा मार्ग खुंटल्यामुळें ती रंगभूमीकडे व बोलपटाकडे वळली. १९५१ मध्यें न्यूयॉर्क येथें ‘जीजी’ नाटकांतील प्रमुख भूमिका तिला मिळाली, आणि १९५३ च्या ‘रोमन हॉलिडे’नें तिला ऑस्कर पारितोषिक मिळवून दिलें.

त्याच वर्षीं ‘सब्रीना’ बोलपटासाठीं पोषाख निवडावयास ती ह्युबर्ट द जिव्हांशी या तरुण कलावंताच्या पॅरिसमधील शिवणगृहांत गेली. मिस हेपबर्न येणार असें कळल्यावरून तो कॅथरिन हेपबर्न हिची वाट पाहत होता! नवे पोषाख शिवून देण्यास त्याला सवड नव्हती; तेव्हां तयार असलेल्यांतूनच ऑड्रीनें आपले पोषाख वेंचले. त्यांतील एकाचा गळा खांद्यापासून खांद्यापर्यंत आडवा होता, व त्याखालीं तिच्या गळ्याचीं वर आलेलीं हाडें झांकलीं जात. शरीराची एक उणीव झांकणारी ही युक्ति पुढें ‘सब्रीना गळा’ या नांवानें स्त्रियांनीं उचलली. १९६१ च्या ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ मधील सुप्रसिद्ध काळा झगाही जिव्हांशीचाच. त्यावर कलाबूत नाहीं, झालर नाहीं. रंग एक, रेषा सरळ.

येथें दोन गोष्टींचा विवेक करणें अगत्याचें आहे. तिच्या वेषांतील संयम ही एक गोष्ट, आणि त्या वेषाखालचा कृश देह ही दुसरी. पहिली गोष्ट विचारानें व अभिरुचीनें साधलेली. ती कोणासही शिकतां येईल, आणि त्यास पैसाही फारसा लागत नाहीं. दुसरीला नृत्याची कसरत कारण होती हें खरें. परंतु उपासमारीचा हातही तींत होताच. फॅशनच्या व्यापारानें हा भेद केला नाहीं. दुर्भिक्षाची खूण अंगावर यावी म्हणून भरल्या घरांतील मुली ताटावरून अर्धपोटीं उठूं लागल्या, याहून मोठा विपर्यास कोणता?

स्वतः ऑड्रीला त्या भुकेचा विसर पडला नाहीं. १९४५ मध्यें मुक्त झालेल्या हॉलंडांत परदेशांतून आलेल्या मदतीवर तिच्यासारखीं मुलें सावरलीं होतीं. तें ऋण स्मरून तिनें १९८८ पासून युनिसेफच्या कार्यास वाहून घेतलें. प्रथम ती दुष्काळग्रस्त इथिओपियांत गेली, आणि १९९२ च्या सप्टेंबरांत सोमालियांत. २० जानेवारी १९९३ रोजीं स्वित्झर्लंडांत कर्करोगानें तिचा अंत झाला.

त्या काळ्या झग्याची एक प्रत जिव्हांशीनें फ्रेंच लेखक डॉमिनिक लापिएर यांस दिली होती. डिसेंबर २००६ मध्यें लंडनच्या लिलावांत ती ४,६७,२०० पौंडांस विकली गेली, व तो पैसा त्यांच्या संस्थेमार्फत भारतांतील गोरगरिबांच्या कामीं लागला. ज्या बंगालनें १९४३ सालीं स्वतःचा दुष्काळ भोगला, तेथेंच या संस्थेचें मुख्य कार्य चाले.

घरांतील मुलींनीं ऑड्रीचें चित्र भिंतीवर लाविलें तर तें खुशाल लावूं द्यावें. मात्र चित्राबरोबर १९४४ च्या त्या हिवाळ्याची हकीकतही त्यांच्या कानीं घालावी. म्हणजे तिच्याकडून काय घ्यावें व काय घेऊं नये, हें त्यांचें त्यांना कळेल.