जुन्नर परिसर : निसर्गस्थळे व भूविशेष

जुन्नर परिसर : पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा जुन्नर तालुका आणि कुकडी नदीच्या खोऱ्याचा त्याला लागून असलेला पूर्वेकडील भाग. तालुक्याचे ठाणे जुन्नर हे उ. अ. १९° १२' व पू. रे. ७३° ५३' यांवर, पुण्याच्या उत्तरेस सुमारे ९० किमी. अंतरावर, कुकडीच्या दक्षिणेस वसलेले आहे. लोकसंख्या शहराची २५,३१५ (२०११), तालुक्याची ३,९९,३०२ (२०११). पश्चिमेस ठाणे जिल्ह्यातील मुरबाड, उत्तरेस अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले व संगमनेर, पूर्वेस पारनेर आणि दक्षिणेस आंबेगाव हे तालुके आहेत. शिवनेरी किल्ल्यामुळे जुन्नरचे नाव सर्वतोमुखी आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे येथील खडक, कडे, नद्या आणि त्यांच्या आश्रयाने घडलेली स्थळे यांचा विचार केला आहे.

भूरचना : सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर आला, एकावर एक पसरत व थिजत गेला, आणि त्यापासून जे दक्षिण ट्रॅपचे विस्तीर्ण पठार निर्माण झाले, त्याच्या पश्चिम कडेवर हा मुलूख उभा आहे. हे थर जवळजवळ आडवे आहेत. कठीण, घट्ट बेसाल्टाचा थर सरळ तुटतो व त्याचा कडा होतो. सच्छिद्र, कुहरी खडकाचा थर लवकर कुजतो व त्याची उतरण होते. म्हणून येथील कोणताही डोंगर दुरून पाहिला असता पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. काही थरांत फेल्डस्पारचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे पांढरट स्फटिक काळ्या खडकात विखुरलेले असतात. अशा थरांपैकी दोहोंना भूशास्त्रज्ञांनी मंचर व गिरवली या जवळच्याच गावांची नावे दिली आहेत.

सह्याद्रीच्या मुख्य रांगेतून पूर्वेकडे निघालेल्या सोंडांमध्ये कुकडी, मीना, पुष्पावती या नद्यांची खोरी आहेत. मावळांप्रमाणे या खोऱ्यांना जुन्या दप्तरांत ‘नेर’ ही संज्ञा आढळते, उदा., मीनेचे मीननेर. पश्चिमेस घाटमाथ्यावर पावसाळ्यात दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही, तर पूर्वेकडील आणे पठारावर पिण्याच्या पाण्याची चिंता करावी लागते. एकाच तालुक्यातील हा भेद येथील पिके, घरे व माणसांचे स्थलांतर या सर्वांच्या मुळाशी आहे.

कडे व सुळके : पश्चिम हद्दीवर पठार एकाएकी संपते व कोकण शेकडो मीटर खाली दिसू लागते. नाणेघाटाच्या उत्तरेचा ‘नानाचा अंगठा’ हा कडा कोकणातून पाहणाऱ्यास उभ्या केलेल्या अंगठ्यासारखा दिसतो. पावसाळ्यात येथे कड्यावरून पडणारे पाणी वाऱ्याने उलटे वर फेकले जाते. समुद्रावरून येणारा नैर्ऋत्य वारा कड्याला अडतो, अरुंद खाचेतून वर चढताना त्याचा वेग वाढतो आणि पडू पाहणाऱ्या धारेचे तुषार तो माथ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर आणून टाकतो. दक्षिणेस जिवधन किल्ल्याला लागून वानरलिंगी (अन्य नाव खडा पारशी) हा ३०० फुटांहून अधिक उंचीचा सुळका आहे. भोवतालचा खडक झिजून गेल्यावर मागे उरलेला हा स्तंभ गिर्यारोहकांच्या विशेष आवडीचा आहे. आणखी दक्षिणेस ढाकोबाचे शिखर व दाऱ्या घाट. उत्तरेस माळशेज घाट व खिरेश्वर. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर वाट जाते, मात्र गड व त्याचा कोकणकडा अकोले तालुक्यात मोडतात.

नाणेघाट : जुन्नरच्या पश्चिमेस घाटघर गावाजवळील खिंड. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल घाटावर जुन्नरला व पुढे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान (पैठण) येथे नेण्याचा हा राजमार्ग होता. घाटाची वाट कड्याला पडलेल्या अरुंद भेगेतून चढते. ज्या ठिकाणी खडकाने स्वतःच वाट सोडली, तेथेच मनुष्याने पायऱ्या घडविल्या, आणि जुन्नरच्या प्राचीन वैभवाचा उगम या एका भेगेत आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

खिंडीच्या तोंडाशी एका कोरीव दालनाच्या डाव्या व उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत मोठा शिलालेख आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तो विद्वानांच्या निदर्शनास आणला. पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आदींनी त्याचे वाचन केले. पहिल्या सातकर्णीची राणी नागनिका हिच्याशी हा लेख निगडित असून तो सामान्यतः इ. स. पू. पहिल्या शतकातील मानला जातो. काही अभ्यासक त्याचा काळ आणखी मागे नेतात. अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापण यांच्या दक्षिणेची गणती यात असल्याने लेखात संख्याचिन्हे मोठ्या प्रमाणात येतात. भारतीय अंकांच्या इतिहासात ही चिन्हे अत्यंत आरंभीच्या पुराव्यांपैकी गणली जातात. त्यांत शून्य नाही व स्थानमूल्याची पद्धतही नाही. दहा, शंभर, हजार यांसाठी स्वतंत्र चिन्हे आहेत. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका व अन्य राजपुरुष यांच्या प्रतिमा होत्या. आज नावे शिल्लक आहेत, मूर्ती नाहीत. कोठे कोठे नुसती पावले उरली आहेत. लेखाचा बराच भाग खडकाच्या झिजेने व पाण्याच्या पाझराने नष्ट झाला असून जे अक्षर गेले ते कायमचे गेले.

घाटमाथ्यावर एका अखंड पाषाणात कोरलेला रांजण आहे. येणाऱ्याजाणाऱ्या तांड्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जाई, अशी परंपरा आहे. नाण्यांवरून ‘नाणेघाट’ व नाना नामक पुरुषावरून ‘नानाघाट’ अशा दोन व्युत्पत्ती सांगतात. जवळच पाण्याची कोरीव टाकी आहेत.

लेणी : जुन्नरभोवतालच्या शिवनेरी, तुळजा, मानमोडी व लेण्याद्री या डोंगरांत मिळून दीडशेहून अधिक कोरीव लेणी आहेत, एका नगराभोवती इतकी लेणी अन्यत्र क्वचितच असतील. घट्ट बेसाल्टाचा जाड व आडवा थर सोयीच्या उंचीवर उपलब्ध असणे, हे या विपुलतेचे भौतिक कारण होय. लेण्याद्रीची दक्षिणाभिमुख लेणी एकाच पातळीवर ओळीने कोरलेली आहेत. त्यांपैकी सातव्यात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे. तुळजा लेण्यातील वर्तुळाकार चैत्यगृह बारा अष्टकोनी स्तंभांचे आहे.

बोरीची ज्वालामुखी राख : तालुक्याच्या पूर्व भागात, बोरी बुद्रुक येथे कुकडीच्या काठी गाळाच्या उभ्या तासात एक फिकट करडा, जवळजवळ पांढरा थर दिसतो; त्याची जाडी ठिकठिकाणी वीतभरापासून हात-दोन हात आहे. खाली नदीची वाळू व गोटे, वर तांबूस पोयटा, आणि मध्ये हा थर. चिमूटभर माती बोटांत चुरली तर ती पिठासारखी बारीक लागते, पण अखेर किंचित करकरते. ती करकर काचेची आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हे कण फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींसारखे, वक्र व पारदर्शक दिसतात.

सह्याद्रीचा खडक ज्वालामुखीजन्य असला तरी ही राख त्याची नव्हे. येथील बेसाल्टात सिलिका कमी असते. बोरीच्या राखेत ती विपुल आहे, आणि अशी राख उधळणारा ज्वालामुखी महाराष्ट्राच्या भूमीवर या काळात नव्हता. बहुतेक अभ्यासक तिचा उगम तीन हजार किलोमीटरांहून अधिक दूर, सुमात्रा बेटावरील टोबा येथे मानतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात या थराकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि त्याच्याशी संबद्ध गोट्यांच्या थरांत अश्यूलियन परंपरेच्या दगडी हातकुऱ्हाडी व फरश्या मिळाल्याने या प्रश्नाला निराळेच महत्त्व आले. कारण राखेचे वय ठरले म्हणजे हत्यारांचे वय ठरणार होते. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने आरंभी सुमारे १४ लाख वर्षे हे वय निघाले. नंतरच्या आर्गॉन मापनांत ते सुमारे ६ लाख ७० हजारांवर आले. तर राखेच्या रासायनिक घटकांवरून अन्य संशोधकांनी ती टोबाच्या सर्वांत अलीकडच्या, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची ठरविली. पहिले मत स्वीकारल्यास बोरीचा मानव भारतातील अतिप्राचीनांपैकी ठरतो. शेवटचे स्वीकारल्यास एकतर ती हत्यारे पुष्कळच उत्तरकालीन ठरतात, किंवा प्रवाहाने जुना गाळ नव्या राखेशी आणून मिसळला असे म्हणावे लागते. हा वाद मिटलेला नाही.

येथे ना देऊळ आहे, ना तट-बुरूज. वाटसरूला ही नुसती नदीची दरड वाटते. तथापि गडाचा ढासळलेला बुरूज पुन्हा बांधता येतो, दरडीतून खणून नेलेला थर पुन्हा रचता येत नाही. शिवनेरीच्या दरवाजांची जेवढी काळजी वाहिली जाते, तेवढीच या मातीची वाहिली गेली पाहिजे.

गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल : कल्याण-अहमदनगर महामार्गावर (पूर्वीचा क्र. २२२, आता ६१), बेल्ह्याच्या पुढे आणे घाटात गुळुंचवाडीजवळ बेसाल्टाचा नैसर्गिक पूल आहे. ओढ्याने खालचा खडक कोरून नेला व वरचा थर कमानीसारखा जागीच राहिला. शेजारी मळगंगा देवीचे मंदिर आहे. उन्हाळ्यात ओढा कोरडा असता कमानीखाली उतरून पाहिल्यास खडकाचे सांधे व पाण्याने गुळगुळीत केलेल्या बाजू स्पष्ट दिसतात. पुलाची घडण समजून घेण्यास हाच काळ योग्य.

रांजणखळगे : कुकडी पुढे तालुक्याबाहेर, शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी व पारनेर तालुक्यातील निघोज यांच्या दरम्यान वाहताना तिच्या पात्रातील उघड्या बेसाल्टाला रांजणाच्या आकाराचे असंख्य खोल खळगे पडले आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे खडकाच्या लहानशा खोलगटात गरगर फिरतात, खडक घासतात व स्वतःही झिजतात. ते संपले की पुढच्या पुरात नवे येतात. शेजारशेजारचे खळगे एकमेकांत मिळून पात्रातच घळ तयार झाली आहे. येथेही मळगंगेचे स्थान आहे.

नद्या व धरणे : कुकडीचा उगम चावंड किल्ल्याजवळ पूर येथे, कुकडेश्वराच्या प्राचीन शिवालयापाशी मानतात. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे (आंबेगाव तालुका) ही पाच धरणे येतात.

इतिहास : सातवाहनकाळासाठी वर ‘नाणेघाट’ पहावे. रशियन प्रवासी अफनासी निकितिन १४७० च्या सुमारास एका पावसाळ्यात जुन्नर येथे राहिला होता. मलिक अहमद याने १४९० मध्ये निजामशाहीची स्थापना येथूनच केली; पुढे राजधानी अहमदनगरला गेली. निजामशाहीचा अल्पवयीन वारस मुर्तझा यास शहाजीराजांनी जिवधनावरून सोडवून पेमगिरीवर गादीवर बसविले. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला. १६५७ मध्ये त्यांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नरवर छापा घातला. अन्य किल्ले : चावंड, हडसर, निमगिरी, सिंदोळा, नारायणगड.

इतर : डोंगरांच्या आडोशामुळे रेडिओ लहरींचा उपद्रव कमी असल्याने खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारण्यात आली, तिच्या प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० ॲन्टेना आहेत. आर्वी येथे १९७१ पासून उपग्रह भूकेंद्र. उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर असून माणिकडोह येथे बिबट्या निवारा केंद्र आहे. २०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका घोषित केला.

आर्थिक : पश्चिम भागात भात, नाचणी, वरई व हिरडा, पूर्व भागात बाजरी, कांदा, टोमॅटो, ऊस, द्राक्षे. नारायणगाव येथे टोमॅटोचा मोठा बाजार; निवृत्तीनगर येथे सहकारी साखर कारखाना.