कर्ज फेडायला निघालेला भटजी आणि १८५७

आज १८५७, पण सेनापतींकडून नाही. आज ऐकायचंय डोक्यावर कर्ज असलेल्या एका भटजीचं.

विष्णुभट गोडसे, राहणार वरसई, पेणजवळ. वय साधारण तीस. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, असं कानावर आलं आणि हा माणूस काका रामभटांसोबत उत्तरेला निघाला. आपल्या भाषेत ऑनसाइटच म्हणा ना! महूच्या आसपास बंडाची कुणकुण लागली. तरी दोघं पुढे गेले आणि १८५८ मध्ये ह्यू रोजच्या वेढ्यात, झाशीतच अडकले.

झाशी आपल्याला लांब वाटते. पण झाशीचे गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले आणि नागपूरचे तिसरे रघूजी भोसले त्याच डिसेंबरात. दोघांनाही मुलगा नव्हता, दोन्ही राज्यं डलहौसीने खालसा केली. भंडारा तेव्हा नागपूरच्या राज्यात होता. म्हणजे एकाच धोरणाने झाशी गेली अन् आपणही गेलो.

आता मुद्द्याचं. गोडसे भटजींनी हे सगळं लिहिलं ते साधारण पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. हाताशी रोजनिशी नाही, टिपणं नाहीत. नुसती आठवण. मग विश्वास किती ठेवायचा?

मी 'माझा प्रवास' वाचताना एकच चाळणी लावली: हे त्यांनी पाहिलं की ऐकलं? बंडाचं कारण म्हणून ते सांगतात की इंग्रजांनी राजेरजवाड्यांना कलकत्त्याला बोलावून जाचक कलमांची यादी पुढे ठेवली. अशी सभा इतिहासात सापडत नाही. ती बाजारातली अफवा. पण लोक तेव्हा काय बोलत होते, हे त्या अफवेतूनच कळतं. तेव्हाचं व्हॉट्सॲप फॉरवर्डच.

झाशी पडल्यावरची कत्तल मात्र त्यांनी स्वतः भोगली. घरात लपून बसणं, लुटालूट, जळालेलं ग्रंथालय. पुस्तकं जळाल्याचं दुःख एखाद्या सरकारी अहवालात मिळणार नाही, ते भिक्षुकालाच होणार.

आणि ती विहीर. झाशी सोडून काल्पीकडे जाताना राणी भेटते. पठाणी वेष, अंगभर धूळ, तहानलेली. भटजी पाणी शेंदायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, म्हणते आणि स्वतः शेंदून पिते. मला हा प्रसंग खरा वाटतो. शौर्याची गोष्ट रचणाऱ्याला तहान सुचली नसती.

पण तुमच्या हातातली आवृत्ती कोणती, तेही बघा. सरकारची धास्ती होती, म्हणून वैद्यांनी पुस्तक भटजींच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये काढलं. तेही भाषा बदलून, काही भाग गाळून. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती आली थेट १९६६ मध्ये. आम्ही प्रोग्रामर लोक मूळ कोड न बघता कशावर सही करत नाही, इथे अख्ख्या महाराष्ट्राने साठ वर्षं केली.

हे फक्त आपल्याकडेच नाही झालं. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, दक्षिणेतल्या मेरी चेस्नटबाईंनी डायरी लिहिली. १८८० च्या दशकात, म्हणजे भटजी लिहीत होते जवळपास तेव्हाच, बाईंनी ती नव्याने लिहून काढली. छापली गेली १९०५ मध्ये, भरपूर कापून. इतिहासकार वुडवर्ड यांची भरवशाची आवृत्ती यायला १९८१ उजाडलं. फरक एवढाच की बाईंच्या युद्धकाळातल्या वह्या शिल्लक होत्या, त्यामुळे त्यांनी नंतर काय बदललं ते ताडून बघता येतं. भटजींच्या बाबतीत ती सोय नाही.

दक्षिणेचं काय झालं विचाराल, तर ती वाटेतल्या लुटीत गेली. भटजी घरी परतले ते गंगाजळाची कावड घेऊन, आईवडिलांना स्नान घालायला.